डोकं नसलेला मासा

अम्म बय्यूमी, म्हणजे सगळ्यांचा बय्यूमीकाका, माशाच्या काट्यांना भ्यायचा. बहरी या कोळीवस्तीतल्या मासळीघरात दिवसाला शंभर मासे लोकांपुढे ठेवणाऱ्या वेटरने काट्याला भ्यावं, म्हणजे न्हाव्याने केसांना भ्यावं तसंच झालं. पण बय्यूमी भ्यायचा. तसा तो डुगडुगत्या टेबलालाही भ्यायचा, ग्लासाच्या काठाला आणि चार वर्षांच्या आतल्या मुलांनाही. ताट असं छातीशी धरून यायचा की वाटावं, त्यात कुणाचं तरी झोपलेलं बाळ आहे. आणि बोलणं सगळं माफी मागत. "पाणी आणलंय, माफ करा." "लिंबू इथे आहे, माफ करा." चुलीवरचा उस्ता गाबर त्याची नक्कल करायचा, खांदे पाडून, मान तिरकी करून : "सूर्य उगवलाय, माफ करा."

काट्याची भीती जुनी होती. बय्यूमीने एकतीस वर्षं काढली होती रमल स्टेशनसमोरच्या ओरफानिदिस या बड्या हॉटेलात. पांढरे टेबलक्लॉथ, पितळी दिवे, आणि चमचा खाली ठेवला तरी आवाज होऊ नये असा दंडक. तिथे एकदा एका कापूस व्यापाऱ्याच्या घशात काटा अडकला आणि तो बय्यूमीच्या डोळ्यांदेखत निळा पडला. वाचला. पण तेव्हापासून बय्यूमी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघेना, गळ्याकडे बघायला लागला. पुढे त्याचे हात थरथरायला लागले, कप बशीत किणकिणायला लागले, आणि मुख्य वेटर मस्यू लबीब नाकातून म्हणाला, "बय्यूमी, तुझ्या कपांना थंडी वाजते." झालं. दुसऱ्या महिन्यात बय्यूमी बहरीत मासळीघराच्या मालकिणीकडे, मुअल्लिमा इन्साफकडे, आला. इथे मासा कागदावर आपटतात, आणि कपांची थंडी कुणाला ऐकू जात नाही.

मुअल्लिमा इन्साफ एकेक गोष्ट तीनदा सांगायची, पण नियम तिचा एकच होता : डोकं नसलेला मासा चुलीवर चढणार नाही. गिऱ्हाइकाने बर्फावरचा मासा बघावा, त्याचा डोळा बघावा, बोट दाखवावं, मगच गाबर त्याला हात लावणार. कारण अरनब. सशासारखे दात असलेला हा मासा विषारी. डोकं आणि कातडी काढली की तो इतर कुठल्याही पांढऱ्या माशासारखाच दिसतो, आणि काही हलकट तो तसाच विकतात. खाल्ला की आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, मग हात, मग श्वास. औषध नाही. बहरीतल्या आया पोरांना बागुलबुवाची भीती घालत नाहीत, अरनबची घालतात.

त्या शुक्रवारी नमाज सुटला आणि मासळीघर भरलं. तांत्याहून एक शाळामास्तर आला होता, उस्ताद मम्दूह, आणि त्याची आई हाज्जा तफीदा. हाज्जाच्या तोंडात दात म्हणाल तर एक होता आणि तोही कुंपणाच्या खांबासारखा एकटा. मम्दूह मासा खात नसे, पण तिला मासा खायचा होता, समुद्र बघायचा होता, आणि लग्नानंतर आठव्या दिवशी नवऱ्याने जिथे नेलं होतं त्या ओरफानिदिसमध्ये चहा प्यायचा होता. दिवसभराचा बेत तिने बय्यूमीला दोनदा ऐकवला. मधे मशिदीजवळची तांदळाची खीरसुद्धा होती.

बय्यूमीने तिचा तो एक दात बघितला, मग तिचा बारीक, सुरकुतलेला गळा बघितला, आणि त्याला तो कापूस व्यापारी आठवला. मागच्या खोलीतल्या बर्फात पांढरेशुभ्र, काटे काढलेले तुकडे पडलेले त्याने सकाळी पाहिले होते. काट्याच्या धास्तीत नियम मागे पडला आणि त्याने तीन उचलले. गाबर भट्टीकडे पाठ करून होता. बय्यूमीने स्वतःच ते जाळीच्या कडेला ठेवले, जिरं-लसूण चोळलं, लिंबू पिळलं, आणि ताटातलं बाळ छातीशी धरून निघाला.

हाज्जाने ताटाकडे बघितलं. "ह्याचं डोस्कं कुठंय, पोरा?"

"काटे नकोत म्हणून काढलंय, हाज्जा, माफ करा."

हाज्जाने भाकरीचा तुकडा मोडला, त्यात मासा धरला आणि हात बय्यूमीकडे लांब केला. तो नको म्हणाला. एकदा, दोनदा, तीनदा. तितकं म्हणायचंच असतं. चौथ्यांदा नको म्हटलं तर माणूस दुखावतं. बय्यूमीने उभ्याउभ्याच घास तोंडात टाकला. हाज्जा त्याच्या जबड्याकडे बघत राहिली, तो गिळेपर्यंत. मग स्वतः जेवायला लागली.

ते दोघं गेल्यावर घटकाभराने गाबर मागच्या खोलीतून बाहेर आला. नक्कल नाही, टोमणा नाही. असा गाबर बय्यूमीने पाहिला नव्हता.

"मागचे तुकडे कुणी उचलले? मी नाही उचलले."

तेव्हा कळलं. ते तुकडे होडीवाल्या शहातने पहाटे आणून दिले होते, कारूस नावाचा चांगला मासा आहे म्हणून. मुअल्लिमाने सांगितलं, डोकी आण, डोकी दाखव, डोक्यांशिवाय मी घेत नाही. तो डोकी आणायला गेला तो गेलाच. तुकडे नुसते ठेवून दिले होते. कारूस असतील, नसतीलही. शहातचा मोबाईल बंद.

बय्यूमीने हळूच ओठांवरून जीभ फिरवली. चुरचुरत होते. लिंबाने? मिरचीने? त्याने पुन्हा जीभ फिरवली. मुअल्लिमाने शहातच्या घरी माणूस धाडला आणि बय्यूमीकडे वळली. ओरडली नाही. एकदाच म्हणाली, "जा. शोध त्यांना." ती एकदाच बोलली हे ऐकून बय्यूमी ॲप्रनसकट पळत सुटला.

खीरवाला मोठ्या तोंडाचा, खुशीतला माणूस. हो तर, आले होते ना, म्हातारी काय झकास! दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली कशी, अरे, माझी जीभ जड झाली रे! खीरवाला ते सांगताना स्वतःची जीभ बाहेर काढून हसला. बय्यूमीने ती जीभ जवळून बघितली. गार खिरीनेही जीभ जड होते. होते ना? त्याने खीरवाल्याला विचारलं. खीरवाला म्हणाला, माझ्या खिरीने जीभ जड होत नाही बाशा, हलकी होते.

पुढे कोपऱ्यावर कलेजीची गाडी. गाडीवाला सुरी न थांबवता, कलेजीच्याच तालावर बोलला : मास्तर, हो, चार पाव, जादा मिरची, आई, नाही, पायरीवर बसली, उठताना दोन्ही हातांनी धरलं मास्तरने, टॅक्सीत घातलं, रमलकडे. बय्यूमीने विचारलं, तिचे हात कसे होते? गाडीवाल्याची सुरी थांबली. "हात? हातासारखे हात. तुला बरं नाही का अम्म? पांढरा पडलायस."

टॅक्सीत बय्यूमीने आपले हात मांडीवर ठेवले. थरथरत होते. पण ते सात वर्षं थरथरतच होते. एवढा घाबरट माणूस, अंगातली भीती कुठली आणि विष कुठलं हे त्याला आता कसं कळावं? किनाऱ्याच्या रस्त्यावर शुक्रवारची गर्दी, मुलं दाणे खात कठड्यावर बसलेली, आणि ड्रायव्हर आपल्या मेव्हणीच्या लग्नाची गोष्ट सांगत होता. बय्यूमी हो हो म्हणत बोटं मोजत होता. अंगठ्याने एकेक बोट दाबायचं. लागतंय. हेही लागतंय. करंगळी? पुन्हा.

ओरफानिदिसच्या दारात मस्यू लबीब उभा होता, तसाच, इस्त्री केलेल्या काठीसारखा. त्याने आधी ॲप्रन पाहिला, मग त्याला वास आला.

"बय्यूमी," तो नाकातून म्हणाला, "मासळी मागच्या दाराने येते."

एकतीस वर्षं ज्याच्यासमोर मान वर केली नव्हती, त्या लबीबला बय्यूमीने खांद्याने बाजूला सारलं. माफ करासुद्धा म्हणाला नाही. आत तेच पांढरे टेबलक्लॉथ, तेच पितळी दिवे. खिडकीजवळ हाज्जा तफीदा बसली होती, पुढे चहा, आणि ती दोन बोटांनी स्वतःचा खालचा ओठ चाचपत होती.

सगळा हॉल बघत होता. गिऱ्हाइकाला वाईट बातमी सांगायची ती कानाशी, वाकून, हे बय्यूमीनेच नव्या वेटरांना शिकवलं होतं. तो वाकायला गेला आणि खालीच बसला. मग तो तसाच, जमिनीवर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने बोलला.

"हाज्जा, मी तुम्हाला दिला तो मासा अरनब असेल. माहीत नाही. असेल. उठा, दवाखान्यात जाऊ."

शेजारच्या टेबलावर काटा-चमचा पडला. मम्दूह उठला आणि त्याने बय्यूमीची कॉलर धरली. माझ्या आईला मारलंस, तुला माहीत होतं, डोकं नव्हतं, तिने विचारलं होतं तुला. बय्यूमी म्हणाला, हो, विचारलं होतं.

"सोड त्याला," हाज्जा म्हणाली. "त्यानं बी खाल्लाय." मग बय्यूमीकडे बघून अगदी हळू बोलली. "मला डोस्कं दिसलं न्हाई तवाच शंका आलेली. म्हणून तर पहिला घास तुला दिला, पोरा. तू गिळलास, मंग मी खाल्लं."

बय्यूमीला वाटलं, आता ओठ खरंच गेले. तिने त्याच्या घशावर भरवसा ठेवला होता. आणि तो आयुष्यभर लोकांचे गळे सांभाळत आला होता.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण, झोप न झालेला. म्हणाला, औषध असं नाही, लक्ष ठेवू, श्वास अडला तर यंत्र आहे. साडेसहापर्यंत काही झालं नाही तर घरी. तेव्हा चार वाजत होते. दोन खाटा जवळजवळ. दोघांनी आळीपाळीने जीभ दाखवायची, बोटं हलवायची. मम्दूह मधे उभा, दोघांच्या छातीकडे बघत, आणि बय्यूमीशी न बोलता.

पाचला मुअल्लिमाचा फोन आला. शहात सापडला, सापडला रे, घरी झोपलेला सापडला. डोकी आणलीत त्याने पिशवीतून. तीन डोकी. कारूस, चांगली कारूस, गाबरने दात बघितले, कारूसच. मम्दूह तिथेच खाटेवर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. देवाचे आभार मानत त्याने बय्यूमीच्या खांद्यावर हातही ठेवला.

बय्यूमी फोन कानाला लावून तसाच. अडतीस वर्षं लोकांची ताटं डोक्यात ठेवलेला माणूस तो. आकडा आपोआप समोर उभा राहिला.

"मुअल्लिमा, मागे किती तुकडे उरलेत?"

गाबर मोजून आला. चार.

चार तिथे, तीन त्याने उचलले. सात. एका माशाचे दोन तुकडे. तीन डोक्यांचे सहा. सातवा कुणाचा?

फोनवर मुअल्लिमाने तेच शहातला विचारलं. मग शहातची कुरकुर ऐकू आली : एक तुकडा मित्राने दिलेला, साफ केलेलाच, कुठल्या माशाचा कोण जाणे, पांढरा होता.

बय्यूमी गप्प राहू शकला असता. मम्दूहचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता, पहिल्यांदाच हलका. बय्यूमीने तो हात धरला आणि सांगितलं. सातवा तुकडा बर्फात असेल नाहीतर आमच्या दोघांच्या पोटात. मम्दूहने हात काढून घेतला. पुन्हा थांबायचं. पुन्हा जीभ, पुन्हा बोटं. भिंतीवरचं घड्याळ एका जागी अडकल्यासारखं. बय्यूमीला ओठ जाणवत होते, मग नव्हते, मग होते. त्याने डोळे मिटले तर कापूस व्यापारी दिसला, निळा.

सहा वाजून गेल्यावर हाज्जा खाटेवरून उतरली, त्याच्याजवळ आली आणि काही न सांगता त्याच्या खालच्या ओठाला नखांनी असा चिमटा काढला की बय्यूमी किंचाळला. अडतीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा. डॉक्टर धावत आला.

"दुखलं?" हाज्जाने विचारलं.

"फार दुखलं, हाज्जा."

"मंग झालं. माझा तर मी चहापासनं चिमटतेय. सुजलाय, बघ."

डॉक्टरने वाकून बघितलं. खरंच सुजला होता, लालभडक, जिवंत. त्याने साडेसहा वाजू दिले, मगच दोघांना सोडलं. मम्दूह टॅक्सी बघायला पुढे गेला. हाज्जाने पायरी उतरायला बय्यूमीचा हात धरला आणि विचारलं, तो चहा अर्धाच राहिला, त्या नाकातून बोलणाऱ्याने ओतून दिला असेल का? बय्यूमी म्हणाला, दिला असेल, माफ करा. पण सातवा तुकडा कुणाचा होता हे त्याला अजून कळलेलं नव्हतं, आणि तिकडे बहरीत गाबरने उरलेले चार तुकडे खड्ड्यात पुरून टाकले म्हणून ते कधीच कळलं नाही. टॅक्सी येईपर्यंत तो खालचा ओठ दातांत धरून उभा होता. दुखत होता. त्याने तो सोडला नाही.