कुणाचंच न ऐकणारा पंप

माझी वहिनी नेमकं काय काम करते, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी," असं म्हणून दादा वेळ मारून न्यायचा. मी नर्स. माझ्या वॉर्डात तिच्या कंपनीचे औषधाचे बारा पंप आले, तेव्हा कुठे मला उलगडा झाला. आम्ही टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून डोसचा हुकूम सोडायचा आणि पंपाने तेवढंच औषध पेशंटच्या शिरेत सोडायचं. मधे कुणी भलत्यानेच हुकूम घुसडला तर पंप तो मानणार नाही, हे वहिनी गणिताने सिद्ध करायची. पंप आणि कॉम्प्युटरमधली सगळी बोलणी ती नियमांत मांडायची, तपासणारा प्रोग्राम एकेक पायरी पडताळायचा आणि शेवटी हिरव्या अक्षरांत 'सिद्ध' असं दाखवायचा. सर्टिफिकेटवर सही तिची. गॅस बंद केलाय का, हे तीनतीनदा बघणारी बाई ती. आम्ही तिला पुन्हाबाई म्हणायचो.

एका रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली आणि पाणीही न पिता म्हणाली, "माझं चुकलं गं."

पुढच्या पंपाचं काम करताना तिने जुन्या मांडणीला एक साधा प्रश्न विचारला होता: नर्सचा खरा हुकूम तरी हा पंप कधी मानतो का? उत्तर आलं, कधीच नाही. पेशंटचा नंबर आणि डोस, हे दोन आकडे तिने कॉम्प्युटरच्या बाजूला एका क्रमाने आणि पंपाच्या बाजूला उलट क्रमाने लिहिले होते. त्यामुळे तिच्या मांडणीतला पंप कुणाचंच ऐकत नव्हता, म्हणून चोराचंही ऐकत नव्हता.

"थेट माझ्या नवऱ्यासारखा," मी म्हणाले.

ती हसली नाही. चूक दुरुस्त करून तिने प्रोग्राम पुन्हा चालवला, तर त्याने चोरवाटच काढून दाखवली. सकाळचा हुकूम कुणी टिपून ठेवला आणि दुपारी तसाच परत सोडला, तर पंप तोही मानतो. डोस दुप्पट.

"अगं, पण हे कागदावर ना?"

"ऑफिसातल्या खऱ्या पंपावर करून पाहिलं. मानतो."

तिने साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "सिद्ध झालं होतं ना? मग आता काय?" ती म्हणाली, मी सही मागे घेते. तर म्हणे कागद कंपनीचा आहे, आणि नवा पंप येईपर्यंत हॉस्पिटलांना काही कळवायचं नाही. वा रे शहाणे! माणसाच्या शिरेत काय जातं, याचं यांना सोयरसुतक नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वहिनीने स्वतःच्या नावाने प्रत्येक हॉस्पिटलला पत्र लिहिलं. आठवडाभरात तिची नोकरी गेली. पाठोपाठ कंपनीचंही पत्र आलं: माजी कर्मचारी मानसिक तणावाखाली आहेत, पंप सुरक्षित आहे, पुरावा सोबत जोडला आहे. आणि जोडलं होतं काय, तर वहिनीचंच ते सर्टिफिकेट, तिच्याच सहीचं. इतका निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

तोवर मी सगळे पंप कॉम्प्युटरपासून तोडून हाताने लावायला सुरुवात केली होती. दुप्पट काम, हाताखालच्या पोरींची कुरकुर. मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. कंपनीचं पत्र त्यांच्यासमोर पडलं होतं.

"सिस्टर, ती तुमची वहिनी आहे हे मला माहीत आहे. पण ती स्वतःच म्हणते की तिचं चुकलं. मग तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?"

"सर, या अख्ख्या प्रकरणात 'माझं चुकलं' म्हणणारी ती एकटीच आहे," मी म्हणाले. "मी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर पेशंटला औषध देणार नाही."

"हे लेखी द्याल?"

मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहून दिलं.