कामसू

अण्णांनी मोबाईल माझ्या तोंडावर धरला तेव्हा मी त्यांच्याच बांधावर आडवी पडले होते. सकाळपासून खुरप्यानं तण काढत सोयाबीनची भांगलण चाललेली, पाठीचा कणा वाळल्या उसासारखा कडाकडा वाजत होता. पाणी प्यायले आणि जरा टेकले. जरा म्हणजे माशी बसून उडावी एवढंच.

"बघा, बघा! सरकारची लाडाची बहीण ड्युटीवर हाय," अण्णा मोबाईलला सांगत होते. "फुकट रेशन, फुकट पैसा. दोन दिस दांडी, आन् आज आली तर ही झोपली. ह्यास्नी आता खुरपं जड झालंय."

तिथंच उभं राहून त्यांनी तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. ओळीनं बसलेल्या बायांच्या कमरेचे मोबाईल टिंग टिंग वाजले. कुंडलपासून सांगलीपर्यंत पोचला असणार. कृष्णेतल्या मगरींनीसुद्धा तोंड वर काढून बघितला असणार.

शेजारच्या सरीतून पारूकाकी म्हणाली, "आगं बया, हिरोईन झालीस की! पर पदर तरी नीट घ्यायचास."

बाया हसल्या. मीही हसले. हसता हसता डोळे भरले, तेव्हा राग आला. आधी माझाच.

कारण हेच अण्णा बारा वर्षं गावभर सांगायचे, "बाई असावी तर अशी. लय कामसू. ताप असू दे, पूर येऊ दे, खाडा न्हाई." त्या शब्दावर मी म्हशीएवढी फुगायचे. धाकट्या लेकीला टायफॉईड झाला, तेव्हाही तिला घरात एकटी टाकून रानात आले. न येऊन करते काय? जी भांगलायला येईल तिनंच संध्याकाळी बांधावरचं गवत न्यायचं, हा अण्णांचा रिवाज. एक खाडा, की गवत बंद. म्हैस उपाशी, मग घर उपाशी. माझ्या भीतीचंच नाव त्यांनी कामसू ठेवलं होतं, आणि मी ते दागिन्यासारखं मिरवत होते.

गेल्या साली सरकारचे महिन्याचे पैसे यायला लागले. त्यावर कुणी गादीवर लोळत नाही. पण त्या व्हिडिओच्या दोन दिवस आधी धाकटी पुन्हा तापानं फणफणली, आणि मी दोन दिवस तिच्या उशाशी बसले. जन्मात पहिल्यांदा. ती झोपेतही माझं बोट सोडत नव्हती.

मी उठले.

"अण्णा, परत काढा. आता उभी हाय, झ्याक दिसंल."

त्यांना गंमत वाटली. धरला मोबाईल.

"दोन दिस आले न्हाई, पोरगी आजारी हुती. मागं अशीच आजारी पोरगी टाकून आले, तवा अण्णांनी व्हिडिओ काढला न्हाई. ह्यो बी टाका ग्रुपवर."

एकही बाई हसली नाही. अण्णांनी मोबाईल खिशात घातला. "उद्यापास्नं माज्या बांधाला हात लावायचा न्हाई."

लावला नाही. महिन्याभरात म्हैस विकली. दावं सोडलं तेव्हा मी चुलीपुढं तोंड लपवून बसले.

आता पलीकडच्या गावात हळद भांगलायला जाते; आणखी बायाही तिकडंच येतात. अण्णांच्या सोयाबीनमध्ये तण असं माजलंय की हत्ती लपेल. बाया आळशी झाल्या म्हणून ते पारावर बोंबलतात. बोंबलू देत. मी कामाला ना म्हटलेलं नाही. पण आधी अण्णांनी चारचौघांत कबूल करायचं, की पोर आजारी असेल त्या दिवशी मी येणार नाही आणि त्यापायी बांधावरचं गवत बंद होणार नाही. तोवर ते तण आभाळाला टेकलं तरी त्या रानात मी वाकणार नाही.