माझ्या अर्जानं भाऊ गावचा झाला

मी चौथी पास होते, आणि सासरी कागद वाचता येणारी बाई एकटी मीच. एवढ्यावर मला वाटायचं, कलेक्टरची खुर्ची माझ्यावाचून रिकामी पडलीय. आज ती पोरगी समोर आली तर तिचे कान उपटीन.

बहात्तर साल असेल. होळी झाल्यावर आष्टीला कबड्डीचे सामने होते. नियम असा, की संघात बाहेरगावचे दोनच. गावचा कोण, तर ज्याचं नाव गावातल्या रेशनकार्डावर तो. आमच्या संघात गुरुजी आणि पोस्टमन हे दोन बाहेरचे आधीच होते. मोठे दीर कप्तान. चढाईचा गडी न्हाई म्हणून ओसरीवर चिडचिड करत बसले होते. माझा धाकटा भाऊ चढाईला गेला की चार जणांना लोळवून यायचा. पण तो माहेरचा, कुंभार पिंपळगावाकडचा.

मी दाराआडून, सासूबाईंशी बोलल्यासारखं करून दिरांना ऐकवलं, "आत्याबाई, त्याचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करायचं अन् आपल्या कार्डावर चढवायचं. मंग कोण म्हणतो बाहेरचा?"

दीर हसले. "आई, तुझी सून तर वकील निघाली!"

अर्ज मीच लिहिला, टपोऱ्या अक्षरात. सही करताना भावानं विचारलं, "अक्का, पुढं काही वांधा न्हाई ना होणार?"

"बिलकुल घोर करू नको. मी हाय ना!"

मी हाय! जशी काही तहसील माझ्या पदराला बांधलेली.

सामने जिंकले. भावाला खांद्यावर बसवून गावात आणलं. "आपल्या गावचा वाघ," म्हणत दिरांनी स्वतः त्याला गुलाल लावला. मी दारात अशी उभी, जशी चढाई मीच करून आल्ते.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. दिवाळीपर्यंत विहिरी आटल्या, सरकारनं खडी फोडायची कामं काढली. माहेरगावच्या कामावर भावाला कार्ड मागितलं. त्यात नाव नाही. "तुझं नाव बहिणीकडं, तिकडंच जा," म्हणाले. तो पायी आमच्याकडं आला. इथले मुकादम माझे दीरच.

त्यांनी मान वर केली नाही. "गावच्या माणसांनाच काम पुरून न्हाई राह्यलं. बाहेरच्याला कुठून देऊ?"

मी दाराआडच होते. वकिलीणबाईंनी कार्ड काढून पदरात बांधलं.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन तहसिलीत गेले. कारकून म्हणाला, दुष्काळ सरेपर्यंत नावं इकडची तिकडं करणं बंद. येताना वडीगोद्रीच्या रस्त्यावर भावानं ट्रकला हात केला. "राहू दे अक्का. मिळंल कुठं तरी." मंग गुजरातेतून एक पोस्टकार्ड आलं, विहीर खोदायच्या कामावर आहे म्हणून. त्यानंतर काहीच नाही.

उन्हाळ्यात आई आली. मी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची, त्या अमेरिकेच्या ज्वारीची, भाकर वाढली. तिनं ती हातात धरून विचारलं, "त्याच्या नावाचं धान्य अजून उचलता का गं?"

मी होय म्हणून मान हलवली.

आईनं भाकर मोडली. दोन दिवसांची उपाशी होती, खाल्ली.