उचलणारीचे हात

राजवाड्याचं संग्रहालय झालं, राजे गेले, धूळ मात्र काही गेली नाही. चिनीमातीच्या दालनातली ती धूळ झाडायला नणंद-भावजयीची जोडी होती. रीत ठरलेली: एकीनं बुडाखाली तळवा धरून, दोन्ही हातांनी भांडं उचलायचं, दुसरीनं कुंचल्यानं झाडायचं. कानाला धरून उचलायचं नाही म्हणजे नाही. नणंदेनंच भावजयीला इथं चिकटवलं होतं, पण उचलायचं काम स्वतःकडे ठेवलं. आपल्या हातून कधी साधा टवकाही उडाला नाही, हे ती आल्यागेल्याला ऐकवायची.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी नणंदेचं मनगट आखडलं. भावजय म्हणाली, आज मी उचलते. आणि निळी चहादाणी तिनं घरच्या किटलीसारखी कानाला धरून उचलली. कान हातात राहिला, बाकीची फरशीवर.

कामाच्या वहीत उचलणारी म्हणून नणंदेचं नाव होतं. तिनं ते तसंच राहू दिलं. भावजयीची नोकरी कच्ची, घरी भाऊ अंथरुणाला खिळलेला. नणंदेची रवानगी तळघरात झाली, पाहुण्यांचे कोट आणि छत्र्या सांभाळायला. भावजयीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता नोकरी पक्की झाली, नवरा हिंडूफिरू लागला. आता कशाला जुनं उकरा, असं ती मनाला समजावायची. खरं म्हणजे ती भ्याली होती.

नणंदेच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला. संग्रहालयाच्या प्रमुखबाई मनानं चांगल्या. जाण्याआधी एकदा दालनात या, हवं ते भांडं उचला, म्हणाल्या. भावजय कुंचला घेऊन उभी राहिली. आज बाईंच्या देखत सांगायचंच, असं ठरवून आली होती, आणि तरी जीभ उचलत नव्हती.

नणंदेनं एका फुलदाणीकडे हात नेले. तळवा बुडाखाली जाईना. तिनं हात मागे घेतले.

"तूच उचल," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं. फुटेल."

भावजयीला ते सोसवेना. "वन्सं, तुमच्या हातून कधीच काही फुटलं नाही," ती म्हणाली. मग प्रमुखबाईंकडे वळली. "चहादाणी मी फोडली होती, बाई. यांनी नाही."

नणंद आपल्या हातांकडे बघत होती.

"मला माहीत आहे गं," ती म्हणाली. "पण आता या हातांना कोण पटवणार?"