वाडग्यातली गाठ

वर्ष सरत आलं की आत्या वर्षभरात बाहेर खाल्लेल्या जेवणांपैकी आवडलेली जेवणं आम्हाला सांगते. आम्ही म्हणजे मी आणि आई, ऐकायला दुसरं कोणी उरलेलं नाही. आत्या शिंपीण. कोट शिवण्यात तिची हयात गेली, त्यामुळे जेवणाबद्दलही ती कापडासारखंच बोलते. ‘मासा बरा होता, पण सॉस अंगावर नीट बसला नव्हता.’ ‘भाताची शिवण उसवली होती.’ एखादं जेवण फारच जमलेलं असलं तर नुसतं म्हणते, ‘फिटिंग.’

दुकानाला सुट्टी असली की ती नवं हॉटेल गाठते. सोबत मी हवीच. एकट्या बाईला हात धुवायच्या बेसिनजवळचं टेबल देतात, अशी तिची तक्रार. बसते मात्र ती नेहमी स्वयंपाकघराच्या दारासमोर, जिथे कोणीच बसत नाही. जेवण झालं की वेटरला सांगते, ‘आचाऱ्यांना जरा बोलवा, कौतुक करायचंय.’ आचारी एप्रनला हात पुसत येतो. आत्या त्याचा चेहरा बघते, दोन गोड शब्द बोलते आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावते. हॉटेलवाल्यांना वाटतं, बाई मोठी खवय्यी दिसते. कसली खवय्यी? उकडलेला बटाटा आणि मीठ दिलं तरी तिचं भागतं. ती शोधत असते तिच्या धाकट्या भावाला, माझ्या काकाला.

आत्या डावरी आहे. काका लहान असताना तिने त्याला समोर बसवून शिवण शिकवली, आणि तो आरशात बघावं तसा तिचे हात बघत शिकला. दोरा संपवताना आत्या तिची एक गाठ मारते. त्या गाठीचं शेपूट डावीकडे वळतं. काकाच्या गाठीचं उजवीकडे. बटण कोणी लावलंय ते आम्हाला लांबूनही कळायचं. पण काकाचा जीव कात्रीत नव्हता, चुलीपाशी होता. दुकानामागच्या खोलीत तो सूप करायचा. मिरी, लवंग, तमालपत्र फडक्याच्या तुकड्यात घालून पुरचुंडी बांधायचा, शिवणाच्याच दोऱ्याने आणि त्याच गाठीने. आणि ती बाहेर काढायला हटकून विसरायचा. ज्याच्या वाडग्यात ती यायची त्याची दिवसभर थट्टा.

एकदा ते सूप गिऱ्हाइकाच्या तयार कोटावर सांडलं. कोट त्याच संध्याकाळी द्यायचा होता. आत्याचं डोकं फिरलं. ‘रांधायचंच असेल तर लोकांच्या दारात जाऊन रांध,’ ती म्हणाली. ‘इथे परत तोंड दाखवू नकोस.’ काकाने चूल विझवली आणि गेला. तो शब्दाचा पक्का निघाला, आणि आत्या हट्टाला पेटलेली. दोघं एकाच ताग्यातले. माझे बाबा गेले तेव्हाही तो आला नाही. त्यानंतर आत्याने हॉटेलं पालथी घालायला सुरुवात केली.

यंदाचं पहिलं आवडतं जेवण नदीकाठच्या हॉटेलातलं. लिंबू पिळलेला मासा होता. दाराआड कोणीतरी शीळ घालत होतं, आणि काकालाही काम करताना शीळ घालायची सवय होती. आत्याचा काटा हातातच राहिला. बाहेर आला तो एक टकलू, अगदी पोरसवदा. तरी ते जेवण तिने आवडत्यांत धरलं. दुसरं काचेच्या भिंतींच्या महागड्या हॉटेलातलं. ताट परातीएवढं आणि त्यात करंगळीएवढे मशरूम. स्वयंपाकघराचं दार उघडलं की आत कोणाचा तरी वाकलेला खांदा दिसायचा. आत्या जेवलीच नाही, दाराकडे बघत बसली. घरी येऊन म्हणाली, ‘फिटिंग.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिथे दाराआड तो असल्यासारखं वाटलं, ते तिचं आवडतं जेवण. चवीचा त्यात काही संबंध नव्हता. आणि मला भीती वाटायला लागली, कारण आता मलाही तो दिसत होता. परक्या हॉटेलात भांडं पडलं की माझी मान आधी वळायची. भूत मेलेल्या माणसाचं असतं म्हणतात. आमच्या मागे जित्या माणसाचं लागलं होतं.

तिसरं जेवण बस डेपोमागच्या खानावळीतलं. आमच्या दुकानापासून फार लांबही नाही. बाकं, स्टीलचे ग्लास आणि भिंतीवर तेलाचा थर. आत्याने कडधान्याचं सूप मागवलं. दोन घोट घेतले आणि तिचा चमचा कशाला तरी अडला. तिने पुरचुंडी वर काढून बशीत ठेवली.

मी आनंदाने उठणारच होते. आत्याने माझं मनगट धरलं.

“शेपूट बघ,” ती म्हणाली.

शेपूट डावीकडे होतं.

“ही माझी गाठ आहे,” आत्या म्हणाली. “मी इथं आजच येतेय, आणि माझी गाठ माझ्या आधी येऊन बसलीय.” मग तिने पुरचुंडी बशीत उलटसुलट करून पाहिली. “म्हणजे ही त्याने बांधलेली नाही. त्याच्यासमोर बसून कोणीतरी शिकलंय.”

आचाऱ्याला बोलवावं लागलं नाही. दार उघडून एक चाळिशीची बाई स्वतःच आली. नजर बशीवर होती.

“चुकून आली का वाडग्यात?” मी विचारलं.

“चुकून नाही ताई. रोज एका वाडग्यात जाऊ द्यायची. मास्तरांनी लावून दिलेली पद्धत आहे. लोक ओरडतात, मग माफी मागून सूप बदलून देतो.”

“कशासाठी पण?”

“मास्तर म्हणायचे, एक बाई ओरडणार नाही. ती गाठ बघत बसेल.” तिने आत्याकडे पाहिलं. “तुम्ही त्यांच्या अक्का का?”

आत्याने मान डोलावली.

“कुठाय तो?”

बाईने पदराने हात पुसले. “मागच्या थंडीत गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सुद्धा दम धरला नाही. त्या आधी रोज विचारायचे, आज कोण ओरडलं? कोणीतरी ओरडलं म्हटलं की गप्प बसायचे.”

मागच्या थंडीत. म्हणजे आम्ही नदीकाठी शीळ ऐकली, दाराआडचा खांदा पाहिला, तेव्हा तो नव्हताच. बाई दुसरा वाडगा आणायला वळली, तेव्हा आत्याने तिला थांबवलं आणि तेच गार झालेलं सूप पुढे ओढलं. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

काल आईने विचारलं, यंदाचं सगळ्यात आवडतं जेवण कुठलं? आत्या बटण लावत होती. ती पुरचुंडी आता तिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात असते.

“एक बाई ओरडणार नाही म्हणे,” ती म्हणाली. “जन्मात एकदाच ओरडले मी त्याच्यावर.”

मग तिने गाठ मारली. शेपूट तिने उजवीकडे वळवलं होतं.