दादानं पोट्टीला पाठवलं

साहूबाईचा फोन आला तेव्हा मी अभनपुरात होते. जावेच्या पोरीचं साक्षगंध होतं, पंगत बसली होती आणि माझ्या हातात वरणाची बादली होती. साहूबाई म्हणजे दादाची शेजारीण. दुपारच्या वेळी त्याच्याजवळ तीच बसायची. म्हणाली, “दीदी, जल्दी आ जाव. भइया आँखी नइ खोलत हे…” मी बादली तिथेच ठेवली आणि मिळाली ती बस पकडली. रायपूर जवळ आलं आणि पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला. मागे गाड्या, पुढे गाड्या. कंडक्टर खाली उतरून विडी ओढत उभा राहिला. मी खिडकीच्या गजाला डोकं टेकवून बसले होते आणि मनात एवढंच येत होतं की दादाला रोज असंच वाटत असेल. सगळं जग बाजूनं चाललं आहे, आवाज येताहेत, आणि आपल्याला हलता येत नाही… त्याच्या घरी पोचले तेव्हा गल्लीतली माणसं दाराशी उभी होती. त्यांनी मला वाट करून दिली, तेव्हाच समजलं. तापाचं निमित्त झालं होतं, छाती कफानं भरली होती. मी सकाळी निघाले तेव्हा तो म्हणाला होता, “लाडू आणजो मंदे, साक्षगंधाचे.”

मिलिंद माझा मोठा भाऊ. आमचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी गोंदियाकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. दादा फिटर होता, सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात. उंच, दणकट, हसला की सगळी गल्ली ऐकायची. वहिनी कावीळ होऊन गेली तेव्हा त्यांची प्रज्ञा शाळेत होती, लहानच. पोरीच्या वेण्या घालायला तो माझ्याकडून शिकला. आणि मग एका पाळीला तो उंचावरच्या फळीवरून खाली पडला. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हापासून तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, भिंतीला लागून असलेली ती खाट हेच त्याचं सगळं राज्य.

अशा माणसाला ठरावीक वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी बदलावी लागते, पाठ पुसावी लागते. हे सगळं प्रज्ञा करायची. मी येऊन-जाऊन होते, पण मागच्या गल्लीत माझं घर होतं, सासू होती. प्रज्ञानं मात्र आपलं सगळं वय त्या खाटेच्या काठाला बांधलं. कॉलेजातल्या मैत्रिणी दारात येऊन हाका मारायच्या, चल म्हणायच्या, आणि ती आतूनच सांगायची, “तुम लोग जाओ, पापा को करवट देना है.” तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच. ते वाक्य दादा रोज ऐकायचा. एकदा ती दुकानात गेलेली असताना तो मला म्हणाला, “मी फसलो ते फसलो, मंदे. पण हे पोट्टी माह्या संगं काहून फसून राहिली?” मी म्हटलं, “लेक आहे, करणारच.” तो छताकडे पाहत म्हणाला, “करते, तेच तं.”

नौदलात आता मुलींनाही खलाशी म्हणून घेतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींची कवायत. त्यानं प्रज्ञाला जवळ बोलावलं, “हे पाय.” ती हसायलाच लागली. “पापा, रायपूर में समुंदर कहाँ है?” तो म्हणाला, “म्हणूनच तं. इथं असता तं तू इथंच राहिली असती.” तिनं ते हसण्यावारी नेलं, पण दादानं ते धरूनच ठेवलं. पहाटे तिला मैदानावर पळायला पाठवायचा. ती खिशात फोन चालू ठेवून पळायची आणि हा खाटेवर पडून, फोन छातीवर ठेवून तिचा श्वास ऐकायचा. “दम तुटून राहिला तुहा, हळू कर… हां, आता वाढव.” मी चहा घेऊन गेले की हातानं मला गप्प करायचा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर वाटायचं, हाच पळतो आहे. पोरीला पाण्याची भीती होती, म्हणून खाटेशेजारी घमेलं भरून ठेवायला लावलं. ती त्यात तोंड बुडवायची आणि तो वरून सांगायचा की श्वास कधी सोडायचा, मान कुठे वळवायची. लहानपणी वैनगंगेत पोहलेला माणूस, पडल्या पडल्या हात मारून दाखवायचा. अर्धा माणूस पोहत होता, अर्धा खाटेला खिळलेला… मला ते बघवत नसे.

आणि तिची निवड झाली. ओडिशातल्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं, कित्येक महिने घरी यायचं नाही, मोबाइल जमा, फोन फक्त रविवारी. प्रज्ञानं सांगून टाकलं, “मैं नहीं जाऊँगी. आपको कौन देखेगा?” दादा लगेच म्हणाला, “मंदा पाहीन.” मी तिथेच मेथी निवडत बसले होते. मला कोणी विचारलं नव्हतं. पोरगी पाणी आणायला आत गेली तशी मी त्याच्यावर तुटून पडले. “मले विचारलं काय तू? माह्या घरी माणसं नाहीत काय?” तो शांतपणे म्हणाला, “विचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं. न विचारता सांगितलं तं तुले नाही म्हणता येत नाही.” खरंच होतं. मी उरलेली मेथी निवडत राहिले.

तरी पोरगी ऐकेना. मग दादानं तिला समोर उभं केलं. खिडकीच्या गजाला त्यानं खाटेच्या नवारीची पट्टी बांधून घेतली होती. ती पट्टी दोन्ही हातांनी धरून त्यानं स्वतःला ओढलं. मानेच्या शिरा तटतटल्या, कपाळावर घाम आला, आणि तो भिंतीकडे कुशीवर वळला. आपला आपण. प्रज्ञा तोंडावर हात धरून उभी होती. भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, “पायलं? आता तुह्या हाताची गरज नाही मले.”

निघायच्या दिवशी त्यानं माझ्याकडून दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. पोरगी पाया पडायला वाकली तर म्हणतो, “तिथं नोको पडू, तिथलं मले काही समजत नाही. इकडं ये, डोकं दे.” तिच्या केसांवर त्यानं बराच वेळ हात ठेवला. मग पट्टी धरून पुन्हा वळून दाखवलं आणि म्हणाला, “जा आता. मी झोपतो.” बाहेर रिक्षा थांबली होती. पोरगी दारात घुटमळली. मी तिची बॅग उचलली.

स्टेशनवर गाडीला उशीर होता. पोरगी नुसती रुळांकडे बघत होती. गाडी हलल्यावर मी परत आले तर दादा तसाच भिंतीकडे तोंड करून. खालचा हात निळसर पडला होता, पाय एकमेकांत अडकले होते, चादर ओली झाली होती. मी घाबरून त्याला उताणा केला तर तो हसला. “वळता येते मंदे… परत येता नाही येत. तेवढं शिकाचं राहून गेलं.” मी रडायला लागले. तो म्हणाला, “तिले सांगू नोको.”

मग माझे दिवस सुरू झाले. पहाटे त्याच्याकडे, मग घरचा स्वयंपाक, मग पुन्हा त्याच्याकडे, सासूची औषधं, पुन्हा त्याच्याकडे. लग्नकार्य नाही, माहेरपण नाही, आजारी पडायची सोय नाही. बाजारात भाजी घेतानासुद्धा डोक्यात एकच की आता त्याला वळवायची वेळ झाली. रविवारी प्रज्ञाचा फोन यायचा. पहिले कित्येक रविवार ती नुसती रडायची. “पापा, मुझे बुला लो. यहाँ साँस नहीं ली जाती. पानी में उतारते हैं तो लगता है डूब ही जाऊँगी. घर आने दो.” मी ऐकत उभी असायचे आणि, खरं सांगते, मला वाटायचं, म्हण बाबा, ये म्हण एकदाचं. एकदा तो म्हणालाही, “ये.” मी चमकून पाहिलं. तो पुढे म्हणाला, “पण पाण्याची परीक्षा देऊन ये. नापास झाली तरी ये, पास झाली तरी ये. न देता नोको येऊ.” ती पास झाली. त्यानंतर येते म्हणाली नाही. त्या रविवारी त्यानं फोन ठेवला. म्हणाला, “बरं झालं नाही आली. आली असती तं मी तिले पुन्हा जाऊ देलं नसतं. येवढा दम माह्यात दुसऱ्यांदा नाही.”

एक दिवस मात्र माझा तोल गेला. सासू पडली होती, घरी बोलणी बसली होती, आणि मी त्याची पाठ पुसत म्हणाले, “तू तिले सोडवलं अन् मले बांधलं.”  तो म्हणाला, “हव. मले माहीत आहे.” एवढंच. दुसऱ्या दिवशी गेले तर साहूबाई तिथे बसलेली. दुपारी ती थांबेल, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. माझी दुपार मोकळी झाली. तशाच एका मोकळ्या दुपारच्या भरवशावर मी अभनपूरला गेले होते…

प्रज्ञाला कळवायला केंद्राच्या कार्यालयात फोन लावला. एका बाईनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि पोरीला बोलावलं. ती आली आणि तिनं विचारलं, “आत्या, पापा हैं?” कसे आहेत, असं तिनं विचारलंच नाही. मला ‘नाही’ म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती आली. केस कापलेले, रंग रापलेला, पाठ ताठ. गल्लीतल्या बायांनी तिला आधी ओळखलं नाही. तिच्या वाटेकडे डोळे लावून आम्ही बापाला बर्फावर ठेवलं होतं. तिनं त्याला हात लावला, आणि मग भंतेजींच्या मागून पंचशील म्हणताना तिचा आवाज एकदाही फाटला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आम्ही दोघीच भांडी आवरत होतो. ती म्हणाली, “आत्या, एक बात सच बताओगी? पापा करवट के बाद वापस हो पाते थे क्या?” मी कढई घासतच राहिले. दादानं सांगू नको म्हटलं होतं. पण आता कोणासाठी लपवायचं? म्हटलं, “नाही. तू गेली त्या दिवशी मी येईपर्यंत तसाच होता.” तिनं मान हलवली. “मुझे मालूम था. मैं दरवाज़े पर रुकी थी न… उनका पैर फँसा हुआ दिख रहा था. एक बार हाथ लगा देती तो सीधे हो जाते. लेकिन हाथ लगाती, तो फिर जा नहीं पाती.” मग ती तिथेच मोरीपाशी, राखेच्या हातांनी गुडघे आवळून रडली. मी तिला थांबवलं नाही. दोन दिवसांनी तिला पुन्हा स्टेशनवर सोडलं. या वेळी तिनं रुळांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. पुढे तिचं प्रशिक्षण संपलं, त्या परेडला मी गेले होते. समुद्र मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. पांढऱ्या रांगेत सगळ्या मुली सारख्याच दिसत होत्या, त्यात आमची कुठली ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. मी सगळ्यांसाठीच टाळ्या वाजवल्या.

आता घरमालकाला खोल्या परत द्यायच्या आहेत. परवा रंगारी आला. खाट ओढून बाजूला केली तेव्हा खिडकीखालच्या भिंतीवर, खाटेच्या उंचीला, मोठा काळपट डाग दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर तळव्याचा. एक नाही, एकावर एक उमटलेले कितीतरी तळवे, मधला चुना झिजून गुळगुळीत झालेला. रंगाऱ्यानं विचारलं, “दीदी, ये तेल का है क्या? पहले घिसना पड़ेगा.” साहूबाई दारात उभी होती. तीच म्हणाली, “भइया के हाथ आय. भिथिया ला ढकेल के सोझ हो जात रिहिस. पाछू तो रोज करत रिहिस.” भिंतीला हात रेटून दादा आपला आपण पुन्हा उताणा व्हायचा. रोज. मी म्हटलं, “मग मी येत होते तेव्हा? मीच तं वळवत होते त्याले…”  साहूबाई म्हणाली, तो सांगायचा, दीदीला बोलू नको. तिला समजलं तर ती यायचं सोडून देईल.

रंगाऱ्याला मी उद्या ये म्हटलं. तो डबा तिथेच ठेवून गेला. मी खाटेवर बसले, भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी साहूबाईनं पुन्हा डोकावून विचारलं, “दीदी, घर नइ जाना हे का?”

“जाते…” मी म्हटलं, आणि बसून राहिले.