न्हाणीघरातले अकरा जण

भिकोबाचा फोन आला तेव्हा मी बावधनच्या चौकात रिक्षा शोधत होतो. "मास्तर गेलं. या," एवढंच तो बोलला. दामूमास्तर मुळशीला त्याच्याच घरात एका खोलीत भाड्यानं राहायचे. मी गेलो, खांदा दिला, लहान पोरासारखा रडलो. त्याला आता दीड महिना झाला, आणि आज मला त्या माणसाचा राग येतोय. राग कसला, संतापच.

मी निवृत्त झाल्यापासून सात वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाडजूड रशियन पुस्तक मांडीवर घेऊन मास्तर एकेक ओळ मराठीत सांगायचे, मी लिहून घ्यायचो. कादंबरी होती एका गावाची. तिथल्या न्हाणीघरात अकरा जण गुपचूप जमतात आणि कुणाची जमीन कुणाला द्यायची ते ठरवतात. वाफेत कुणाचंच तोंड दिसत नाही. जो तो समजतो, प्रमुख दुसराच कुणीतरी आहे... आणि प्रमुख कुणी नसतोच! आम्ही पोट धरधरून हसायचो. मी निघालो की मास्तर हमखास विचारायचे, "पुढं काय होईल, बोला." मी सांगेन तसंच पुढच्या रविवारी निघायचं. रशियन माणसाचं मन आपल्याला बरोबर कळतं, म्हणून मी घरी मिरवायचो.

त्यात इग्नात नावाचा एक कारकून होता. साहेबानं पुढं केलेल्या कागदावर तो न वाचता सही करतो, एका शेतकऱ्याचं तळ्याकाठचं वावर जातं आणि ह्याला पेढ्यांचा पुडा मिळतो. लिहिताना माझं पेन मध्येच अडलं होतं. कचेरीत असताना मीही अशीच एक सही केली होती. भिकोबाचं वावर गेलं, तिथं आज रिसॉर्ट आहे. हे मी फक्त मास्तरांना सांगितलं होतं. पण त्या दिवशी मला केवढा धीर आला! वाटलं, जगाच्या त्या टोकालाही आपल्यासारखा कुणीतरी आहे. रशियात पेढे कुठले, एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

मास्तर गेल्यावर, वही छापायला देण्याआधी राहिलेला शेवट विचारायला मी ते पुस्तक रशियन शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवलं. चार पानं चाळून त्या म्हणाल्या, "काका, ही रेल्वेच्या मालधक्क्याची नियमावली आहे."

मास्तर एकदा म्हणाले होते, "मुळशीच्या मास्तरानं लिहिलं तर कुत्रं हुंगायचं नाही. रशियन म्हटलं की लोक कान टवकारतात." म्हणजे जगाच्या टोकाला कुणीच नव्हतं. मीच होतो, आणि माझं पाप माझ्याच हस्ताक्षरात लिहून घेतलं या माणसानं. ह्याला केसानं गळा कापणं म्हणतात.

गेल्या रविवारी ते पुस्तक परत ठेवायला मास्तरांच्या खोलीवर गेलो. मागोमाग भिकोबा येऊन समोर बसला.

"भाऊसाहेब, मास्तर आमाला बी वाचून दाखवायचं, सांजच्याला. त्यो इग्नात लई भारी हाय ओ."

मी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"शेवट तेवढा ऱ्हायला. मी इचारलं, तर मास्तर म्हनलं, त्यो भाऊसाहेबच सांगत्याल." तो पुढं सरकला. "बोला की, फुडं काय हुतंय?"

मास्तरांना मी अजून माफ केलेलं नाही. पुस्तक मांडीवर तसंच होतं. सवयीनं खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.

"भिकोबा," मी म्हणालो, "ते पेढे मी खाल्ले होते."